पाच विमानांचं गणित: नौदलाच्या आयएल-38 ची दुसरी इनिंग

31 ऑक्टोबर 2023 रोजी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर भारतीय नौदलाने आयएल-38 या सोव्हिएत बनावटीच्या सागरी टेहळणी विमानांना निरोप दिला. 46 वर्षांची सेवा. त्याच वर्षी 26 जानेवारीला कर्तव्यपथावरच्या संचलनात हे विमान पहिल्यांदा आणि शेवटचं दिसलं होतं. निरोपाच्या बातम्यांत 'गौरवशाली' हा शब्द आला, तो यायचाच. पण या 46 वर्षांतला शेवटचा तिसरा हिस्सा ही विमानं त्यांच्या मूळ रूपात नव्हती. त्यांचे डोळे, कान, संगणक सगळं बदललेलं होतं आणि नावापुढे 'एसडी', म्हणजे सी ड्रॅगन, अशी दोन अक्षरं लागली होती. ही दुसरी इनिंग कशी उभी राहिली, कुठे अडली आणि शेवटी परवडली का, हा या प्रकरणाचा विषय.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जुन्या टेहळणी विमानाचं नूतनीकरण म्हटलं की चर्चा रडारवर जाते. रडार महत्त्वाचं आहेच. पण आयएल-38 च्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण रडारची नव्हती, संख्येची होती. ताफा पाच विमानांचा. पाचच.

विमान आलं कुठून

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तेव्हा समुद्रावरच्या दूरच्या टेहळणीचं काम नौदलाकडे नव्हतं, हवाईदलाकडे होतं. ते करणारी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं मुळात एअर इंडियाने प्रवासी वाहतुकीतून काढलेली होती आणि पुण्याच्या लोहगाववरून उडायची. पाणबुडी शोधणं हा त्यांचा पिंडच नव्हता. हे काम कोणाचं, यावर दोन्ही दलांत बरीच वर्षं ओढाताण चालली आणि अखेर 1976 मध्ये ते नौदलाकडे आलं. कॉन्स्टेलेशन विमानं दाबोळीला आली. त्यांतलं एक आजही तिथल्या नौदल हवाई संग्रहालयात उभं आहे. गोव्याला जाणाऱ्याने किनारा सोडून तासभर तिकडे जरूर वळावं.

लगेच पुढच्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1977 ला, दाबोळीला 315 क्रमांकाचं स्क्वॉड्रन उभं राहिलं. नाव 'विंग्ड स्टिंगर्स'. सोव्हिएत संघाकडून तीन आयएल-38 आली, 1983 मध्ये आणखी दोन. ही कोरी विमानं नव्हती. आयएल-38 चं उत्पादन 1972 मध्येच थांबलं होतं, म्हणजे आपल्याकडे आलेलं प्रत्येक विमान आधी सोव्हिएत नौदलाकडे राहिलेलं. निवृत्तीच्या वेळी आपण 46 वर्षं म्हणतो ती भारतीय सेवेची. सांगाड्याचं वय पन्नाशी ओलांडून गेलेलं होतं.

विमानाची जडणघडण समजून घेतली की पुढचं सोपं जातं. आयएल-18 हे 1950 च्या दशकातलं चार इंजिनांचं टर्बोप्रॉप प्रवासी विमान. त्याचंच धड घेऊन आयएल-38 बनवलं. शोधयंत्रणेचं सगळं ओझं पुढच्या भागात आल्यामुळे गुरुत्वमध्य सरकला आणि पंख सुमारे तीन मीटर पुढे न्यावे लागले. म्हणून बाजूने पाहिलं की या विमानाचं शेपूट विनाकारण लांब वाटतं. पंखांच्या पुढे-मागे पोटात शस्त्रांचे आणि सोनोबॉयांचे, म्हणजे पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायच्या तरंगत्या यंत्रांचे, कप्पे, पुढच्या पोटाखाली रडारचा फुगा, शेपटाच्या टोकाला लांब दांडी. पाण्याखालच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात पडणारा बारीक फरक टिपणारं यंत्र त्या दांडीत असतं. विमानाच्या स्वतःच्या लोखंडापासून ते शक्य तितकं लांब हवं, म्हणून दांडी.

मूळ शोधयंत्रणेचं नाव 'बेर्कुट'. त्यात डिजिटल संगणक होता, आणि 1960 च्या दशकातल्या सोव्हिएत विमानासाठी ते फार पुढचं पाऊल होतं. पण तो काळ गेला. 1999 मध्ये पाकिस्तानी नौदलात अगोस्टा 90बी जातीची 'खालिद' ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी दाखल झाली. तिच्यापुढे बेर्कुटचा टिकाव लागणार नव्हता. पाणबुडी पेरिस्कोप वर काढते ती काही सेकंदांसाठी, आणि लाटांच्या गर्दीतून तेवढा ठिपका वेगळा काढायचा तर रडारपेक्षाही त्यामागच्या गणनेची ताकद लागते. तीस वर्षांपूर्वीच्या संगणकात ती कुठून असणार?

करार

2001 मध्ये रशियाशी करार झाला. पाचही विमानं टप्प्याटप्प्याने रशियात जाणार, सेंट पीटर्सबर्गच्या लेनिनेत्स संस्थेची 'सी ड्रॅगन' यंत्रणा बसवून परत येणार. किमतीचे जे आकडे छापून आले ते साधारण 20 कोटी डॉलरच्या घरातले.

बाहेरून बदल ओळखायचा तर कॉकपिटच्या मागे, छपरावर, खांबांवर उभी केलेली चौकोनी पेटी बघायची. शत्रूच्या रडारच्या लहरी पकडून त्या कुठून येतात हे सांगणारे अँटेना तिच्यात. विमानाच्या देखणेपणाची तिने पार वाट लावली, पण चहूबाजूंनी ऐकायला जागा तीच. नाकाखाली दिवसा-रात्री पाहणारा कॅमेरा आला. पोटाखालचं रडार बदललं. सोनोबॉयांचे आवाज ऐकून छाननी करणारी यंत्रणा बदलली, शेपटातलं चुंबकीय यंत्र बदललं, आणि हे सगळं एका जागी आणणारे नवे संगणक व पडदे बसले. 320 किलोमीटरपर्यंतची जहाजं दिसतील आणि एका वेळी 32 लक्ष्यांवर नजर ठेवता येईल, असा निर्मात्यांचा दावा होता. जहाजविरोधी केएच-35 क्षेपणास्त्र वाहण्याची सोयही आली. जुनं आयएल-38 मुख्यतः पाणबुड्यांच्या मागे लागणारं विमान होतं. नवं विमान समुद्राच्या पृष्ठभागावरचं, जमिनीवरचं आणि काही अंशी हवेतलंही पाहणारं होणार होतं.

बदललं नाही ते काय, याची यादी कमी महत्त्वाची नाही. धड तेच. पंख तेच. इंजिनं तीच, इव्हचेंको घराण्याची एआय-20, म्हणजे आपल्या हवाईदलाच्या एएन-32 मधल्या इंजिनांची जवळची भावंडं. सोव्हिएत संघ एक असताना हे सगळं एका खिडकीवर मिळायचं. 1991 नंतर विमानाचे आरेखनकार मॉस्कोत, शोधयंत्रणा सेंट पीटर्सबर्गला आणि इंजिनांचं माहेर युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाला. तीन ठिकाणं, दोन देश. पुढे 2014 नंतर त्या दोन देशांचं काय झालं ते आपण पाहिलंच.

आणि दाबोळीची हवा. टेहळणी विमान उंचावरून निघतं, पण पाणबुडीचा माग काढायला समुद्रापासून शंभरएक मीटरपर्यंत खाली येतं. तिथे खारे तुषार प्रत्येक फटीत शिरतात. म्हणून अशी फेरी करून परतलेलं विमान गोड्या पाण्याने धुतलं जातं, मग तंत्रज्ञ हातात विजेरी आणि छोटा आरसा घेऊन रिव्हेटच्या रांगा, बिजागऱ्या, पाणी साचणारे कोपरे बघत बसतात. रंगाखाली बारीक फुगवटा दिसला की समजायचं, आत गंज सुरू झालाय. जून ते सप्टेंबर गोव्यात हवेतच इतका ओलावा असतो की हॅंगरमध्ये उभं असलेलं विमानही सुटत नाही. शिवाय खालच्या थरातली हवा खडबडीत. पन्नास टनांहून जड यंत्र तासन् तास धक्के खात राहतं, आणि धातूचा थकवा साठत जातो तो पंखांच्या मुळाशी. हे कुठल्याही नव्या रडारने सुटत नाही. आयुष्य वाढवणं आणि डोळे बदलणं ही दोन निराळी कामं, आणि करारातला मोठा पैसा होता दुसऱ्या कामाचा.

1 ऑक्टोबर 2002

स्क्वॉड्रनचा रौप्यमहोत्सव. दाबोळीवर संचलनाचं उड्डाण सुरू असताना दोन आयएल-38 हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले बारा जण गेले. अवशेष खाली कोसळून जमिनीवरही माणसं दगावली. पंचवीस वर्षांचा सोहळा करायचा त्याच दिवशी स्क्वॉड्रनने आपले अनुभवी वैमानिक आणि ताफ्याचा मोठा भाग गमावला.

या अपघातावर तांत्रिक अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे त्याचा नूतनीकरणावरचा परिणाम मांडायचा आहे, कारण त्याकडे सहसा कोणी वळत नाही. पाचातून दोन गेली, उरली तीन. एक विमान कारखान्यात पाठवलं की दोन. त्यातलं एक नियमित तपासणीसाठी उघडलेलं असणारच. म्हणजे समुद्रावर जायला तयार असं एक. तेही सकाळी सुरू झालं तर.

ज्या देशाकडे अशी पन्नास विमानं असतात त्याला पाच कारखान्यात पाठवणं जड जात नाही. पाच विमानांच्या ताफ्यात प्रत्येक विमान म्हणजे वीस टक्के, आणि तीनच्या ताफ्यात तेहतीस. त्यात दोन वर्षांचा उशीर झाला तर फक्त तारीख पुढे जात नाही, त्या दोन वर्षांत तरुण वैमानिकांना आणि यंत्रांसमोर बसणाऱ्या निरीक्षकांना उड्डाणाचे तास मिळत नाहीत. सोनोबॉयचा आवाज ऐकून ही पाणबुडी की मालवाहू जहाजाचा पंखा, हे ओळखायला कानच तयार व्हावे लागतात. विमान परत येतं तेव्हा यंत्र नवं असतं आणि माणसांचा सराव मोडलेला असतो. हा खर्च कुठल्याच करारात लिहिलेला नसतो.

पोकळी भरायला रशियाच्या साठ्यातली दोन जुनी आयएल-38 घेतली गेली आणि तीही सी ड्रॅगनच्या रांगेत लागली. ताफा पुन्हा पाचावर आला. दरम्यान लांबच्या फेऱ्यांचा भार तमिळनाडूतल्या अराक्कोणम तळावरच्या आठ टीयू-142 या रशियन टेहळणी विमानांवर आणि किनाऱ्याजवळचा डॉर्नियरवर पडला. डॉर्नियर गुणी विमान आहे, पण आकाराने छोटं. त्याला अरबी समुद्राच्या मध्यावर तासन् तास घिरट्या घालायला सांगता येत नाही.

नौदल अडून बसलं

2006 पासून नूतनीकरण झालेली विमानं गोव्यात उतरू लागली. आणि 2007 च्या सुमारास बातम्या येऊ लागल्या, आधी रशियन वृत्तपत्रांत, मग आपल्याकडे, की सी ड्रॅगन ठरल्याप्रमाणे चालत नसल्यामुळे भारतीय नौदल विमानं पदरात घ्यायला तयार नाही. त्याच काळात भारत रशियाकडून घेत असलेल्या 'गोर्शकोव्ह' विमानवाहू जहाजाच्या वाढत्या किमतीवरून दोन्ही देशांत कुरबुर सुरू होती, त्यामुळे या बातमीला राजकीय रंगही चढला.

पण अडचण समजण्यासारखी होती. सी ड्रॅगन हे आधी कुणाकडे चालून-घासून तयार झालेलं उत्पादन नव्हतं. रशियाच्या नौदलाचं स्वतःचं सुधारित विमान, आयएल-38एन, त्याच घराण्यातली 'नोवेल्ला' यंत्रणा घेऊन सेवेत रुळलं ते 2010 चं दशक सुरू झाल्यावर. म्हणजे निर्यातीचं विमान आधी आणि घरचं नंतर. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाच्या संरक्षण उद्योगाकडे पैसा नव्हता, कितीतरी संशोधन परदेशी गिऱ्हाइकांच्या पैशावर चाललं, आणि त्यात भारत मोठं गिऱ्हाईक. सुखोई-30एमकेआय लढाऊ विमानाच्या वेळी हाच प्रकार आपल्या पथ्यावर पडला होता. इथे मात्र पहिलं गिऱ्हाईक होण्याची किंमत मोजावी लागली. चाचणीचं काम वापरणाऱ्याच्या गळ्यात आलं.

शिवाय जागेचा फरक. उत्तरेच्या थंड समुद्रात जुळवलेली ध्वनियंत्रणा अरबी समुद्रात तशीच चालेल असं धरून चालत नाही. आपल्याकडे वरचं पाणी तापलेलं, खाली एकदम थंड थर, आणि त्या सीमेवर आवाज वाकतो. पाणबुडीला लपायला ही उत्तम जागा. त्यात मुंबई ते गुजरात पट्टा उथळ, मासेमारी नौकांनी गजबजलेला, प्रत्येक ट्रॉलरचं इंजिन आपापला गोंगाट करणारं. अशा पाण्यात यंत्रणेची परीक्षा इथेच घ्यावी लागते, आणि ती घेणाऱ्याने समाधान होईपर्यंत सही करू नये. नौदल अडलं ते योग्यच केलं, असं माझं मत. सही लवकर झाली असती तर समारंभ वेळेवर झाला असता, एवढंच.

पुढे दुरुस्त्या झाल्या, विमानं स्वीकारली गेली. शेवटचं विमान येईपर्यंत दशक संपत आलं होतं. 2001 च्या कराराला तेव्हा आठ-नऊ वर्षं उलटून गेली होती.

मधल्या काळात 26 नोव्हेंबर 2008 येऊन गेलं. मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन. ही विमानं वेळेवर आली असती तर हल्ला टळला असता, असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. हजारो ट्रॉलरमधला एक ट्रॉलर संशयित आहे हे कुठलंही रडार सांगत नाही, त्याला गुप्तवार्ता लागते. पण त्या रात्रीनंतर टेहळणी विमानाकडून अपेक्षा बदलल्या हे खरं. पाणबुडीइतकंच छोट्या बोटीकडेही बघायचं होतं, आणि त्या कामाला नाकाखालचा कॅमेरा आणि नवं रडार उपयोगी पडलं. करार करताना कोणी याचा विचार केला नव्हता.

दुसरे देश काय करत होते

ब्रिटनने 1996 मध्ये आपल्या निमरॉड विमानांचा कायापालट हाती घेतला. जुन्या धडांना नवे पंख, नवी इंजिनं, नवी यंत्रणा. पंख अचूक मापाचे बनले आणि बसवायला घेतले तर धडं एकसारखी नव्हती, कारण ती मुळात हाताने जुळवलेली, प्रत्येक थोडी वेगळी. 21 विमानं ठरली होती, ती घसरत घसरत नऊवर आली, साडेतीन अब्ज पौंडांच्या आसपास खर्च झाला आणि ऑक्टोबर 2010 मध्ये सगळंच रद्द. पुढची जवळपास दहा वर्षं या बेटावरच्या देशाकडे स्वतःचं एकही सागरी टेहळणी विमान नव्हतं.

कॅनडाने याच्या उलट केलं. 1980-81 मध्ये घेतलेल्या 18 अरोरांपैकी, म्हणजे अमेरिकी ओरायन टेहळणी विमानाच्या कॅनडातल्या अवतारांपैकी, 14 निवडल्या, यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलल्या आणि बाहेरचे पंख व शेपटाचे आडवे भाग चक्क नवे बसवले. जिथे थकवा साठतो तोच भाग बदलला. पैसा गेला, वर्षं गेली, पण विमानं उडत राहिली. कॅनडाला हे जमलं कारण ओरायन घराण्याची शेकडो विमानं जगभर होती आणि नव्या पंखांसाठी अमेरिकेत उत्पादनसाखळी उभी राहू शकली. आयएल-38 जगात साठच्या आसपासच बनली. तिच्यासाठी नवे पंख कोण बनवणार होतं?

हिशेब

1 जानेवारी 2009 ला भारताने बोइंगकडून आठ पी-8आय ही नवी टेहळणी विमानं घेण्याचा करार केला, सुमारे 2.1 अब्ज डॉलरचा. भागाकार केला तर विमानामागे 26 कोटी डॉलर, त्यात सुटे भाग आणि प्रशिक्षणाचा वाटा धरून. म्हणजे पाच आयएल-38 च्या संपूर्ण नूतनीकरणाला जेवढे पैसे लागले तेवढ्यात एक पी-8आयसुद्धा आलं नसतं.

ही तुलना सरळ नाही, मान्य. पी-8आय वेगळ्याच पिढीचं विमान आहे. तरीही 2001 साली पर्याय काय होते ते आठवावं. पोखरणनंतरच्या निर्बंधांमुळे अमेरिकेशी असा व्यवहार होण्यासारखा नव्हता. पी-8 तेव्हा कागदावर होतं. हातात होती ती रशियन विमानं आणि त्यांची सवय झालेली माणसं. त्या परिस्थितीत डोळे बदलण्याचा निर्णय बरोबर होता, आणि 2013 च्या मे महिन्यात पहिलं पी-8आय अराक्कोणमला उतरेपर्यंत मधली वर्षं त्याने भागवली. टीयू-142 च्या सुधारणेचीही बोलणी झाली होती, इस्रायलशी आणि रशियाशी. ती फळली नाहीत आणि ती विमानं मार्च 2017 मध्ये मोठ्या बदलाविनाच निवृत्त झाली. त्यानंतर आयएल-38एसडी आणखी साडेसहा वर्षं उडत होती. सगळ्यांत जुनं, 1977 चं आयएन 301, जानेवारी 2022 मध्ये थांबलं तेव्हा त्याच्या नावावर दहा हजारांहून अधिक उड्डाणतास होते.

करारात दोष कुठे काढायचा झाला तर माझ्या मते दोन जागी. एक, ताफा वाढवण्याचा विचार अपघातानंतर झाला, आधी व्हायला हवा होता. रशियाकडे वापरात नसलेले सांगाडे होते. कारखान्यात विमान पाठवायच्या आधीच दोन सुटी विमानं पदरी असती, तर दाबोळीची धावपट्टी इतकी वर्षं रिकामी-रिकामी वाटली नसती. दुसरं, यंत्रणेच्या आतल्या संगणकप्रणालीवर आपला ताबा नव्हता. नवा सोनोबॉय, नवी संदेशवहन जोडणी, स्वदेशी पाणतीर (टॉर्पेडो), काहीही बसवायचं म्हटलं की सेंट पीटर्सबर्गचं दार ठोठवायचं. मध्यम वयात डोळे बदलले, पण चष्म्याचा नंबर बदलण्याचा अधिकार दुसऱ्याकडेच राहिला.

मार्च 2022 मध्ये हंसावर पी-8आय चं 316 क्रमांकाचं स्क्वॉड्रन सुरू झालं आणि आयएल-38 चं काम तिकडे गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने मध्यम पल्ल्याच्या टेहळणी विमानांना मान्यता दिली. ही विमानं सी-295 या मालवाहू विमानाच्या सांगाड्यावर उभी राहायची आहेत आणि आतली यंत्रणा स्वदेशी असेल असं ठरलंय. पी-8आय ची पहिली तुकडी 2030 च्या दशकात स्वतःच मध्यम वयात पोचेल. आठांत पुढे चारांची भर पडून ताफा आता बाराचा आहे. त्यातली किती एका वेळी कारखान्यात पाठवता येतील, त्या काळात अरबी समुद्रावर कोण जाईल आणि प्रणालीत हात घालायची परवानगी कोणाकडून घ्यावी लागेल, हे तीन प्रश्न सी-295 चा करार लिहितानाच विचारता येण्यासारखे आहेत.